चित्रांसाठी पेनचा लॅपटॉप घेताना माझी झालेली फसवणूक

गेली एकोणीस वर्षं मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते. टाक, ब्रश, काळी शाई, कार्ट्रिज पेपर, आणि चित्र झालं की स्कॅन करून पाठवायचं. अलीकडे संपादक मंडळी ‘लेयर्सची फाइल द्या’ म्हणतात, म्हणजे रेघा आणि रंग वेगवेगळ्या थरांत ठेवलेली, एकेक थर सुटा बदलता येईल अशी फाइल. ऐनवेळी साडीचा रंग बदलायचा ठरला तर कागदावर सगळं चित्र पुन्हा काढावं लागतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. म्हणून यंदा ठरवलं की थेट स्क्रीनवर काढता येईल असं काहीतरी घ्यायचं, पंचवीस हजारांच्या आत. हे पैसे मागच्या वर्षीच्या दोन अंकांच्या मानधनातून बाजूला ठेवले होते.

आधी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन-तीन ठिकाणी विचारून आले. ‘ड्रॉइंग टॅबलेट’ म्हटलं की दुकानदार तीन वेगळ्या वस्तू दाखवतात. एक नुसती काळी पाटी असते, तिला स्क्रीन नसते आणि ती कॉम्प्युटरला जोडावी लागते. दुसरीला स्क्रीन असते, पण कॉम्प्युटर तिलाही लागतोच. तिसरा म्हणजे पेन चालणारा स्वतंत्र टॅब किंवा लॅपटॉप. मला तिसरा हवा होता, आणि नवा घेणं परवडत नव्हतं.

ओळखीतून जुन्या लॅपटॉपच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. व्हॉट्सॲपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘ताई, थिंकपॅड योगा आहे. वॅकॉम पेन, 8192 प्रेशर लेव्हल. ड्रॉइंगसाठी बेस्ट. 24,500 फायनल.’ थिंकपॅड योगा हा लेनोव्हो कंपनीचा, स्क्रीन मागे दुमडता येणारा लॅपटॉप. वॅकॉम ही चित्रकारांची डिजिटल पेनं बनवणारी कंपनी. आणि प्रेशर लेव्हल म्हणजे पेनवर किती जोर दिला ते ओळखण्याच्या पायऱ्या. टाकावर जोर दिला की रेघ भरते, हात सैल सोडला की केसासारखी बारीक होते. माझं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून मी तेवढंच तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ‘हो ताई’ असंच उत्तर आलं.

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. त्यांनी लॅपटॉप उघडून स्क्रीन मागे दुमडली, एक ॲप सुरू केलं आणि पेनने झरकन ‘श्री’ काढला. वेलांटी सुरुवातीला जाड, वळणावर बारीक होत गेलेली, अगदी बोरूने काढल्यासारखी. मग पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली, तीही तशीच जाड-बारीक उमटली. पेनचं टोक बारीक होतं, मागे चार्जिंगचं भोक होतं. मी यूपीआयने पैसे दिले. ‘पक्कं बिल हवं असेल तर वर 18 टक्के जीएसटी लागेल,’ असं ते म्हणाले, म्हणून मी कच्च्या बिलावर समाधान मानलं. इथे माझी मोठी चूक झाली. त्या कागदावर फक्त ‘यूज्ड लॅपटॉप विथ स्टायलस, नो रिटर्न’ एवढंच लिहिलं होतं.

घरी येऊन क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट मिळतं आणि चांगलं आहे. पहिलीच रेघ दोऱ्यासारखी सरसकट एकाच जाडीची आली. जोर दिला तरी तीच, हात सोडला तरी तीच. तळहात स्क्रीनला टेकला की तिथेही ठिपके उमटायचे. वाटलं, सेटिंग चुकलं असेल. दोन रात्री मी त्यातच घालवल्या. शेवटी पट्टी लावून सावकाश तिरकी रेघ ओढली, तर ती पाण्यावरच्या लाटेसारखी वाकडी-तिकडी आली.

रविवारी भाचा आला. त्याने पेन हातात घेतलं आणि टोक स्क्रीनपासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर धरून फिरवलं. स्क्रीनवर काहीच हललं नाही. ‘मावशी, हे पेन नाही, हे बोट आहे,’ तो म्हणाला. मग त्याने विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली अबाउट उघडून दाखवलं. तिथे ‘पेन अँड टच’ या ओळीसमोर ‘टच सपोर्ट विथ 10 टच पॉइंट्स’ असं लिहिलं होतं. खरं पेन ओळखणारी मशीन असेल तर तिथे ‘पेन अँड टच सपोर्ट’ असं येतं. क्रिटाच्या टॅबलेट टेस्टरमध्ये, म्हणजे पेन ओळखलं जातंय का ते तपासायच्या खिडकीतही, पेनऐवजी ‘माउस’च्याच नोंदी येत होत्या.

थिंकपॅड योगा हे मॉडेल कंपनीने दोन प्रकारांत विकलं होतं, पेनसह आणि नुसत्या टचचं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पेनच्या प्रकारात स्क्रीनमागे बारीक तारांची जाळी असते. ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनमधल्या वेटोळ्याला त्यातूनच वीज मिळते आणि पेन उलट संदेश देतं. म्हणून त्या पेनला सेल लागत नाही, आणि टोक स्क्रीनला टेकायच्या आधीच बाण हलू लागतो. माझ्या मशीनमध्ये ती जाळीच नाही. उद्या मी अस्सल वॅकॉमचं पेन विकत आणलं तरी त्यावर चालणार नाही. मला मिळालेलं पेन स्क्रीनला बोटासारखंच वाटतं, म्हणून ते कुठल्याही मोबाइलवर चालतं, पण त्याला दाब कळतच नाही. (पेनला चार्जिंग आहे म्हणजे ते खोटंच, असं मात्र नाही. सेलवर चालणारी चांगली पेनंही असतात.)

मग तो ‘श्री’? ते कळल्यावर मला सगळ्यात जास्त राग आला. काही ॲप्स दाब मोजतच नाहीत, हाताचा वेग मोजतात. झरकन ओढलं की बारीक, सावकाश ओढलं की जाड. सही आपण भरभरच करतो, त्यामुळे ती हमखास सुंदर दिसते. मी त्याच ॲपमध्ये अगदी हलक्या हाताने पण सावकाश रेघ ओढली असती तर ती जाड आली असती, आणि तिथल्या तिथे समजलं असतं. ज्या माणसाने मला झरकन ‘श्री’ काढून दाखवला, त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

दुकानात परत गेले. ‘ताई, बिलावर वॅकॉम लिहिलंय का? पेन चालतंय ना?’ एवढंच उत्तर मिळालं. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा दुकानदाराचा फोन आला आणि लॅपटॉप परत घेऊन 9,000 द्यायला ते तयार झाले. मी नाही म्हटलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करते आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. माझ्याकडे भक्कम असं एकच आहे, व्हॉट्सॲपवरचा तो ‘वॅकॉम पेन, 8192’ हा मेसेज. त्याचा आणि अबाउटच्या पानाचा फोटो, सोबत यूपीआयची पावती, असं अर्जाला जोडलं आहे. तुम्ही फोनवर भाव ठरवत असाल तर कृपा करून तेच लेखी मागून घ्या, आणि तीच वाक्यं बिलावर उतरवून घ्या. जो उतरवायला नको म्हणेल, त्याच्याकडे पैसे देऊ नका.

यंदाच्या अंकांची कामं अडून राहू नयेत म्हणून मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडायला बिनस्क्रीनची छोटी पाटी घेतली. नवीन, पक्क्या बिलाची, साडेचार हजारांत. हात खाली आणि नजर समोर, हे जमायला पंधरा दिवस लागले. पण परवा एका कथेसाठी पावसातली एसटी काढली, तेव्हा छपरावरून निथळणाऱ्या धारा हाताच्या जोराप्रमाणे बारीक होत गेल्या.

त्या दुकानाचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. काल त्यांच्या स्टेटसवर तसाच एक लॅपटॉप दिसला, ‘आर्टिस्ट स्पेशल’ म्हणून. कुणीतरी तो बघायला जाणार, म्हणून आज सकाळी पहिलं काम हे लिहायचं केलं.