नॅरोबोटचे जुने इंजिन: बांधून घ्यावे की बदलावे?

इंग्लंडच्या कालव्यांवर फिरणारी नॅरोबोट ही 6 फूट 10 इंच रुंदीची पोलादी बोट असते, कारण तिकडची अठराव्या शतकातील अनेक लॉक (बोटी वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद) जेमतेम 7 फूट रुंदीची बांधलेली आहेत. तिची वेगमर्यादा ताशी 4 मैल असल्यामुळे इंजिन धावून धावून झिजले असे सहसा घडत नाही. ते झिजते वयाने आणि चुकीच्या वापराने. 1970 ते 1990 या काळातील बऱ्याच बोटींत बीएमसीचे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे) 1.5 किंवा 1.8 लिटरचे डिझेल इंजिन आहे, आणि पुढचा विचार प्रामुख्याने त्याच बोटींच्या मालकांसाठी आहे. आपल्याकडच्या वाचकाला हे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही. ॲम्बॅसिडर डिझेलमधले 1489 सीसीचे इंजिन याच घराण्यातले होते.

पहिला प्रश्न मात्र वेगळाच आहे: इंजिन खरोखर संपले आहे का? थंडीत सकाळी इंजिन सुरू होत नाही, एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये, कारण त्याचे मूळ उतरलेल्या बॅटरीत, स्टार्टरच्या गंजलेल्या केबलमध्ये किंवा थंड सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगच्या बिघाडामध्ये असू शकते. काळा धूर हा बहुधा डिझेल फवारणाऱ्या नोझलचा, कोंदलेल्या एअर फिल्टरचा किंवा प्रोपेलर गरजेपेक्षा मोठा असल्याचा असतो. निळा धूर आणि महिन्यागणिक घटणारे ऑइल ही लक्षणे अधिक गंभीर आहेत. इंजिन चांगले तापल्यावर ते चालू असतानाच ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि तळहात तोंडापासून थोडा वर धरावा. हाताला धापा लागल्यासारखे गरम झोत बसत असतील आणि हात तेलकट होत असेल, तर पिस्टनजवळून दाब खाली निसटतो आहे असे समजावे. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्यावे. डिझेलचा पंप आणि नोझल तपासून घेण्याचा खर्च दोन्ही मोठ्या पर्यायांच्या मानाने किरकोळ असल्याने तो आधी करावा.

या झिजेचे एक कारण तर थेट निर्णयालाच हात घालते. बोटीवर राहणारे लोक बॅटऱ्या चार्ज करण्यासाठी इंजिन तासन्‌तास एका जागी, हळू आणि बिनभाराचे चालवतात. अशा वेळी इंजिन नीट तापत नाही, सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत होतात, पिस्टनच्या रिंगा त्यांवर घट्ट बसत नाहीत आणि ऑइल जळू लागते. ही सवय तशीच राहणार असेल तर बांधून घेतलेले इंजिनही त्याच वाटेने जाईल आणि नवेही. छतावर सौर पॅनेल टाकणे हा इंजिनाच्या प्रश्नाचाच एक भाग आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवू. इंजिन बांधून घ्यायचे म्हणजे ते बोटीबाहेर काढून ब्लॉक वर्कशॉपमध्ये पाठवणे, बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालणे, क्रँक घासून त्या मापाची बेअरिंगे बसवणे, हेड आणि पंप-नोझलचे काम करणे. याचा सर्वांत मोठा फायदा कामात नसून जागेत आहे: तेच इंजिन त्याच बेडवर (बोटीतल्या पोलादी बैठकीवर), प्रोपेलरच्या त्याच शाफ्टला, त्याच पाइपांना परत जोडले जाते. तोटा असा की इंजिन उघडल्याशिवाय खर्चाचा खरा आकडा कळत नाही, आणि ब्लॉकला तडा निघाला तर तोपर्यंतची मजुरी वाया जाते. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालण्याची स्वस्त सूचना कोणी केली तर ती नाकारावी. तीच मजुरी पुन्हा द्यावी लागण्याचा धोका त्यात मोठा आहे.

नव्या इंजिनाची किंमत आधी कळते, पण ती केवळ इंजिनाची असते. बीटा मरीन कुबोटाच्या, बॅरस शायर यानमारच्या, तर व्हेटस मित्सुबिशीच्या पायावर इंजिने तयार करतात. ती शांत चालतात, वॉरंटीसह येतात आणि बहुधा दोन अल्टरनेटर घेऊन येतात, एक स्टार्टरच्या बॅटरीसाठी आणि दुसरा घरवापराच्या. मात्र बेडची उंची आणि इंजिनाच्या पायांतील अंतर जुळले नाही तर पोलादाचे काम निघते. कालव्याच्या पाण्याशी उष्णता बदलणारी बाजूची टाकी पुरेशी आहे का, हेही पाहावे लागते: दर चार अश्वशक्तीला एक चौरस फूट पृष्ठभाग असा ठोकताळा आहे, म्हणजे 38 अश्वशक्तीच्या इंजिनाला सुमारे साडेनऊ चौरस फूट. गिअरबॉक्सचे गुणोत्तर किंवा शाफ्ट फिरण्याची दिशा बदलली तर प्रोपेलरही बदलतो, आणि त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. हे सर्व धरून खर्च सहज पाच आकडी पौंडांत जातो.

दोन्हींआधी तळाचा पत्रा मोजून घ्यावा. 6 मिलिमीटरचा पत्रा झिजून 4 मिलिमीटरच्या खाली आला की विमा कंपन्या कुरकुर करतात, आणि तशा बोटीत नवे इंजिन बसवणे म्हणजे पैसे चुकीच्या ठिकाणी घालणे होय.

माझे मत असे: वर्षातून चार-सहा आठवडे कालव्यावरच फिरणाऱ्याने, ब्लॉक धड असेल तर, इंजिन बांधून घ्यावे. बोटीवर बारमाही राहणाऱ्याने, किंवा ट्रेंट नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जाणाऱ्याने, जिथे प्रवाहाविरुद्ध तासन्‌तास पूर्ण जोर लावावा लागू शकतो, नवे घ्यावे. बोटीत गार्डनर, रसेल न्यूबेरी किंवा बोलिंडर यांसारखे जुने नावाजलेले इंजिन असेल तर मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या इंजिनाच्या ठेक्यासाठीच तर गिऱ्हाईक बोट घेते, त्यामुळे ते बांधूनच घ्यावे.

नवे घ्यायचे ठरले तरी जुने लगेच उचलू नये. ते जागेवर असतानाच शाफ्टच्या मध्यापासून बेडपर्यंतची उंची, पायांमधील अंतर आणि वरच्या फळ्यांपर्यंतची मोकळी जागा मोजून ती मापे विक्रेत्याला लेखी द्यावीत. काही उत्पादक जुन्या बेडला जुळणारे पाय बनवून देतात. जुने इंजिन चालू स्थितीत दाखवता आले तर त्याला सुट्या भागांसाठी गिऱ्हाईक मिळते.