खाऱ्या हवेतले घरगुती ग्रो लाइट : दुसऱ्या पावसाळ्यानंतर ड्रायव्हर आणि कूलिंगबद्दल

घाईत असलेल्यांसाठी मुद्दा आधीच सांगून टाकते. समुद्राजवळ ग्रो लाइट, म्हणजे रोपं वाढवायचे एलईडी दिवे, लावणार असाल तर ड्रायव्हरचे (घरच्या विजेची एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या डब्याचे) वॅट नंतर बघा, आधी तो आतून सिलिकॉनने भरून सीलबंद केलेला आहे का ते बघा. आणि एलईडी थंड ठेवायला पंख्यावर विसंबू नका, ॲल्युमिनिअम वाढवा. आता सविस्तर.

आमचं घर देवगड तालुक्यात, किनाऱ्यालगत. हापूसची कलमं आहेत, पण पावसात ती काही देत नाहीत आणि भाजी सगळी घाटावरून येते. करूळ किंवा फोंडा घाटात दरड आली की बाजारात कोथिंबिरीची जुडी नुसती हातात धरून परत ठेवायची. म्हणून मांगराचा (शेतीचं सामान ठेवायच्या घराचा) अर्धा भाग रिकामा करून तिथे लोखंडी रॅक लावले. आषाढ-श्रावणात कोथिंबीर आणि लेट्युस, गणपतीनंतर मिरची-वांग्याची रोपं. भातकापणी झाली की लोकांना रोपं हवी असतात, आणि ती वाढवायच्या नेमक्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं. “देवान सूर्य दिलो आसा, मगे ह्यां कसलां नाटाक?” ही सासऱ्यांची पहिली प्रतिक्रिया. आता ते रोज सकाळी ट्रे मोजतात.

किती उजेड लागतो याचा हिशेब सरळ आहे. लेट्युस आणि रोपांना चौरस मीटरवर सेकंदाला साधारण २०० ते २५० मायक्रोमोल (रोपांना उपयोगी उजेडाचं माप) उजेड १६ तास दिला की पुरतो. माझा एक कप्पा २ बाय ४ फुटांचा, म्हणजे पाऊण चौरस मीटर. बऱ्यापैकी चांगले पांढरे एलईडी एका वॅटला सव्वादोन-अडीच मायक्रोमोल देतात. कडेला वाया जाणारा उजेड धरून एका कप्प्याला ८० वॅट येतात. दोन कप्प्यांचा एक रॅक, म्हणजे १६० वॅट. बाजारात “१००० वॅट” असं छापलेले जे दिवे मिळतात त्यांच्या आकड्याकडे बघूच नका, भिंतीतून प्रत्यक्ष किती ओढतात ते क्लॅम्प मीटरने मोजा.

बोर्ड मी असे घेतले की ज्यावर १६ एलईडींची एक माळ आणि अशा १५ माळा समांतर. एका एलईडीवर पावणेतीनच्या किंचित वर व्होल्ट पडतात, म्हणजे बोर्डाला ४५ व्होल्टच्या आसपास लागतात. एका बोर्डातून १.८ अँपिअर सोडले की ८० वॅट झाले. दोन बोर्ड समांतर, एकूण ३.६ अँपिअर. सगळे बोर्ड सिरीजमध्ये जोडून ७०० मिलिअँपच्या ड्रायव्हरवर चालवावेत असाही एक पंथ आहे. सगळ्या बोर्डांत अगदी सारखा करंट जातो हे खरं, पण त्या ड्रायव्हरचं आउटपुट २०० व्होल्ट डीसीच्याही पुढे जातं. जिथे दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारायचा आणि ओल्या हाताने ट्रे सरकवायचे तिथे ते मला नको होतं. ४८ व्होल्टवर मी शांतपणे काम करते. ‘ड्रायव्हरलेस’ म्हणून विकले जाणारे २२० व्होल्टचे चौकोनी एलईडी तर ओल्या जागेत आणूच नयेत. घरातला मेन करंट थेट त्या बोर्डावरच खेळत असतो.

पहिल्या पावसाळ्यात दोन रॅकवर मुद्दाम दोन तऱ्हा लावल्या. एकावर जाळीच्या डब्यातला, आत छोटा पंखा असलेला ४८ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे साधा तयार पॉवर सप्लाय. स्वस्त, कुठेही मिळतो. दुसऱ्यावर मीन वेलचा एचएलजी-२४०एच-४८ए. हा जड, बंद ॲल्युमिनिअमच्या खोक्यातला, आत सिलिकॉन भरलेलं, पंखा नाही. किंमत पहिल्याच्या कितीतरी पट.

फरक पहिल्याच आठवड्यात मीटरवर दिसला. एसएमपीएस व्होल्टेज कायम धरून ठेवतो. मी त्याचा स्क्रू पिळून ४५ व्होल्टला करंट बसवला होता. सकाळी सुरू केल्यावर ३.३ अँपिअर, तासाभरात ४ च्या घरात. एलईडी तापला की त्याला लागणारं व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज तुम्ही तेवढंच दिलंत तर करंट वाढतो, करंट वाढला की तो अजून तापतो. माझ्याकडे बोर्डांमागे उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनिअमचा पत्रा भरपूर असल्याने हा खेळ ४ वर येऊन थांबला. पत्रा कमी असता तर थांबलाच असता असं नाही. एचएलजीमध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्हीला वेगवेगळी मर्यादा बांधता येते. करंट ३.६ वर बांधला तो आजतागायत ३.६ आहे.

मग पाऊस बसला. श्रावण सरता सरता जाळीच्या डब्यातला पंखा गुरगुरायला लागला आणि एके दिवशी गप्प झाला. डबा उघडला तर पंख्याच्या पात्यांवर ओलसर राखाडी थर, टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवट पांढरा बुरा, ट्रान्सफॉर्मरच्या कडेला मुंग्यांनी मातीचे कण आणून ठेवलेले आणि कोपऱ्यात वाळलेली पाल. हा काही एका कंपनीचा दोष नाही, पंखा बाहेरची हवा आत ओढणारच आणि आमच्याकडच्या हवेत मीठ असणारच. जाळीचा डबा बंगळुरूच्या कोरड्या खोलीत दहा वर्षंही चालेल. इथे दुसऱ्या रॅकलाही सिलिकॉन भरलेला ड्रायव्हरच लावला.

१६० वॅटच्या लोडला २४० चा ड्रायव्हर का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ड्रायव्हर मरतो तो बहुधा आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमुळे, आणि कपॅसिटरचं आयुष्य १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट होतं. दोन तृतीयांश लोडवर तो कमी तापतो. त्याहून मोठा घेऊन पाव लोडवर चालवण्यात मात्र अर्थ नाही, तिथे कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर दोन्ही घसरतात. ड्रायव्हरच्या लेबलवर ‘टीसी’ लिहिलेला एक ठिपका असतो, तापमान तिथे मोजायचं. माझा अजून तिथे ५५ च्या पुढे गेलेला नाही.

एचएलजीच्या दोन मॉडेलमधला फरक लक्षात घ्या. नावाच्या शेवटी ‘ए’ असेल तर करंट-व्होल्टेजचे स्क्रू ड्रायव्हरच्या अंगावरच असतात, रबरी बुचाखाली. ‘बी’ असेल तर बाहेरून डिमरची वायर जोडायची. डिमर रोज फिरवायचा नसेल तर ‘ए’ बरा, एक छिद्र आणि एक वायर कमी. पण ‘ए’चं बूच बारीक पेचकसाने काढून करंट बसवला की ते अंगठ्याने दाबून, कडेचा ओठ चारही बाजूंनी आत गेला की नाही ते बॅटरीच्या उजेडात बघून मगच सोडा. ते तिरकं बसलं तर सीलबंद ड्रायव्हरचे पैसे फुकट.

ड्रायव्हर रॅकवर नाही, बाहेरच्या बाजूला चिऱ्याच्या भिंतीवर लावलाय, मागे लाकडी पट्ट्या देऊन बोटभर फट सोडलेली. त्याची उष्णता रोपांवर येत नाही आणि फवाऱ्याचं पाणी त्याच्यावर जात नाही. वायरीचं तोंड खाली, आणि वायर आत शिरण्याआधी एक झोल दिलेला, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. तीन-चार मीटर वायरीत ४८ व्होल्टला होणारी घट नगण्य आहे. वायर मात्र साधी घेऊ नका. बोटींच्या वायरिंगला वापरतात ती कलई केलेली तांब्याची वायर बंदरावर मिळते, ती घ्या. साध्या तांब्याची टोकं इथे एका पावसात काळी पडतात. बोर्डावरच्या दाबून बसवायच्या कनेक्टरवरही भरवसा ठेवला नाही. सोल्डर आणि वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह.

आता कूलिंग. चांगल्या एलईडीतसुद्धा जवळपास अर्धी वीज तिथेच उष्णता होते. म्हणजे ८० वॅटच्या बोर्डामागून ४० वॅटच्या आसपास उष्णता काढायची. घरी दिवे बांधणाऱ्यांचा अंदाज असा, की पंख्याशिवाय एका वॅट उष्णतेला १०० ते १२० चौरस सेंटिमीटर ॲल्युमिनिअम लागतं, पंखा असेल तर ४० पुरतं. बहुतेक लोक हा दुसरा आकडा वाचून छोटा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) घेतात आणि सगळा जीव एका पंख्यावर टांगतात. मी ३ मिलिमीटरचा पत्रा घेतला, दोन्ही बाजू उघड्या, आणि मागे स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडचे उरलेले ॲल्युमिनिअमचे अँगल रिवेट केले. आमच्या खिडकीवाल्याने पैसेही घेतले नाहीत, उलट “वहिनी, ही खिडकी बसवणार कुठे?” म्हणून विचारलं. बोर्डामागे थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून मोजलं तर पावसाळ्यात ४६-४७ अंश. हात लावून क्षणभर धरता येतो. एवढं पुरे.

एकाच जागी ५० वॅट कोंबलेले सीओबी मी टाळले ते याच कारणाने. उष्णता एका रुपयाएवढ्या जागेतून काढायची तर मोठा, फिनवाला (उभ्या पातळ पट्ट्यांचा) हीटसिंक लागतो, आणि फिन म्हटलं की कुंभारीण आली. ही माशी दोन फिनच्या मधल्या फटी बघूनच खूश होते. शेजारच्यांच्या अशा दिव्यावर तिने एका बाजूच्या सगळ्या फटी चिखलाने लिंपून आत अळ्या भरून ठेवल्या होत्या. सपाट पत्र्यावर तिला काही करता येत नाही, धूळ बसली तरी फडक्याने पुसता येते.

पंखा मांगरात आहे, पण तो रोपांसाठी. हवा हलती नसेल तर रोपं बुडातून कोलमडतात. तो बंद पडला तर रोपांचं दोन दिवसांनी काय ते होईल, एलईडीचं काही होत नाही. तरीही पत्र्यावर ७० अंशाला तुटणारा केएसडी३०१ थर्मल स्विच बसवला आहे, ड्रायव्हरच्या मेन वायरीत. मामुली किमतीची वस्तू आहे, नाही म्हणायला कारण नाही.

वरच्या कप्प्याच्या तळाशी खालच्या दिव्याची ऊब लागते. लेट्युसच्या मुळांना ती मानवत नाही, म्हणून पत्रा आणि वरचा ट्रे यात चार बोटं अंतर सोडलं. मिरचीचं बी मात्र याच उबेवर भराभर रुजतं, त्यामुळे उगवणीचे ट्रे कायम वरच.

स्क्रू स्टेनलेसचे, आणि ॲल्युमिनिअमला थेट टेकू नयेत म्हणून खाली नायलॉनचा वायसर. सीलंट लावायचा तर व्हिनेगरसारखा वास येणारा नको, त्यातलं ॲसिड तांब्याला खातं. आणि आंबेवाल्यांसाठी खास सूचना : भुरीसाठी आणलेलं गंधक दिव्यांच्या खोलीत ठेवू नका. एलईडीच्या आत चांदीचा मुलामा असतो, गंधकाने तो काळवंडतो आणि उजेड उतरतो. एलईडी बनवणारेच असा इशारा देतात. आमच्या गंधकाच्या पिशव्या आता दुसऱ्या टोकाच्या खोलीत गेल्या, आणि त्यावरून घरात जरा कुरबुरही झाली, कारण फवारणीच्या दिवसांत लांब जावं लागतं.

दिवे रात्री आठला लागतात आणि दुपारी बाराला बंद होतात. दिवसा लावून रात्री बंद केले तर पहाटेच्या गारव्यात थंड पत्र्यावर दव धरतं, आणि ते दव खारट. रात्रभर पत्रा कोमट राहिला की हा प्रश्नच मिटतो, दुपारी बंद केल्यावर बाहेरची हवाच उबदार असते. शिवाय संध्याकाळी सात-आठपर्यंत व्होल्टेज खूप पडतं. ड्रायव्हर ९० ते ३०५ व्होल्टवर चालतो म्हणून तक्रार नाही, पण त्या वेळी अजून एक लोड कशाला.

टायमरचं एक प्रकरण झालं. असे ड्रायव्हर सुरू होताना क्षणभर जबरदस्त करंट ओढतात. प्लगमध्ये बसणाऱ्या स्वस्त टायमरचे कॉन्टॅक्ट त्या झटक्याने चिकटले आणि दिवे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालूच राहिले. आता टायमर फक्त एक छोटा कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, विजेवर चालणारा स्विच) ओढतो, ड्रायव्हरला वीज कॉन्टॅक्टर देतो. एमसीबीही सी कर्व्हचा, म्हणजे असा क्षणभराचा झटका सोसणारा हवा, नाहीतर लाईट परत येताना तो पडतो.

बिलाचं म्हणाल तर एक रॅक दिवसाला २.८ युनिट खातो, महिन्याला ८४. घरगुती मीटरवर १०० युनिटांची पहिली पायरी ओलांडली की पुढचे युनिट बरेच महाग पडतात, ते हिशेबात धरा. कोथिंबिरीला पावसाळ्यात जो भाव मिळतो त्यात हे निघतं. दिवाळीनंतर निघत नाही, तेव्हा दिवे बंद आणि ट्रे अंगणात.

वीज चमकायला लागली की मात्र कुठल्याच ड्रायव्हरवर भिस्त ठेवत नाही. सर्ज प्रोटेक्टर बसवला आहे, पण तो अर्थिंग चांगलं असेल तरच कामाचा, आणि कोरड्या जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही. मे महिन्यात आणि परतीच्या पावसाआधी खड्ड्यात पाणी ओतावं लागतं. गडगडाट सुरू झाला की सरळ प्लग काढते.

तिसऱ्या रॅकसाठी हेच सगळं पुन्हा घेईन, फक्त पत्रा ३ ऐवजी २ मिलिमीटरचा आणि रुंदीला जास्त. आणि ड्रायव्हर घेताना अधिकृत विक्रेत्याकडूनच घेईन, कारण त्याच चेहऱ्याच्या नकला बाजारात फिरतात.