हॉलच्या टीव्हीसाठी छोटा पीसी घेतला अन् साडेअठरा हजारांना फसलो

आम्ही परभणीचे. अप्पांचं गुडघ्यामुळं बाहेर जाणं बंद झालंय, त्यांना टीव्हीवर कीर्तन लागतं, अन् घरातल्या लग्नांचे, आजीचे व्हिडिओ सगळे हार्डडिस्कवर पडलेले, म्हणून टीव्हीमागं मावंल असा बिनआवाजाचा छोटा पीसी घ्यायचं ठरवलं. संभाजीनगरला कामानं गेलो होतो, तिथल्या एका दुकानात विचारलं. तो म्हणाला, "दादा, इंटेलचा १२वी जनरेशन आय-५ प्रोसेसर आहे, कंपनीचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण नीट करून दिलेला पीस, फॅनचा आवाजच येत नाही." स्क्रीनवर सिस्टिमची माहिती उघडून दाखवली, तिथं आय-५ १२४००टी लिहिलेलं, विंडोज ११ पण चालू. साडेअठरा हजार यूपीआयनं दिले. पावती साध्या कागदावर, त्यावर ना जीएसटी नंबर ना सीरियल नंबर, अन् मी ती तशीच खिशात घातली, हीच माझी मोठी चूक.

दुकानात गर्दी, एसी चालू, त्यात फॅन काय ऐकू येणार. घरी पुतणीच्या लग्नाचा मोबाईलवर काढलेला फोरके व्हिडिओ लावला तर पाच मिनिटात फॅन असा घरघरायला लागला की अप्पा म्हणाले, "बंद कर रे ते, काहीच ऐकू येईना." चित्र पण अडकत अडकत चाललेलं. मे महिना होता, मला वाटलं आपल्या परभणीच्या उन्हानं गरम झालं असंल, पंधरा दिवस त्यातच घालवले.

भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला. त्यानं विंडोजमधला टास्क मॅनेजर (पीसीचं काम दाखवणारा) उघडला अन् म्हणाला, "मामा, १२४००टी ला ६ कोर, म्हणजे काम करणारे भाग, असतात, इथं २ च दिसायलेत, अन् रॅमचा स्पीड १६००, म्हणजे ही जुन्या प्रकारची, डीडीआर३ रॅम." मग प्रोसेसर ओळखणारं सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर आतमध्ये आय-५ ४५७०टी, ४थी जनरेशन, २०१३ चा! विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, प्रोसेसरचं नाव बदलून ठेवलेलं. पीसी सुरू झाला की ते नाव परत खरं होतं, म्हणून दरवेळी खोटं नाव भरणारी एक छोटी फाइल पण दुकानदारानं लपवून टाकलेली. एवढी मेहनत फसवायला! विंडोज ११ तर ८व्या जनरेशनच्या खाली अधिकृत चालतच नाही, ते पण विंडोजची तपासणी चुकवून टाकलेलं. अन् आवाजाचं कारण असं की आजकालचे मोबाईल बरेचदा एचईव्हीसी ह्या जास्त दाबून साठवायच्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ काढतात, ते उलगडायची पूर्ण सोय ४थ्या जनरेशनच्या ग्राफिक्समध्ये नाही, बराच भार प्रोसेसरवर, मग तो तापतो अन् फॅन ओरडतो.

खरं तर हॉलसाठी आय-५ लागतच नाही. इंटेलचा एन१०० हा ६ वॅटचा साधा प्रोसेसर एचईव्हीसी अन् तसाच एव्ही१ फॉरमॅट आरामात चालवतो, त्याचे बिनफॅनचे डबे पण मिळतात. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर...

तुम्ही घेणार असाल तर घरचा एखादा जड व्हिडिओ पेनड्राइव्हवर न्या, दुकानातच दहा-पंधरा मिनिटं चालवा, डब्याला कान लावून ऐका. सीपीयू-झेड पण पेनड्राइव्हवरच न्या अन् स्वतः चालवा. सीरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल मागा, तो देत नसंल तर पैसे काढूच नका.

मी परत गेलो तर दुकानदार म्हणतो, हा पीस आमचा नाहीच. आता १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, हातात फक्त यूपीआयची नोंद अन् तो साधा कागद. अप्पा सध्या माझ्या मोबाईलवर कीर्तन ऐकतात.