कोटेशनवर नुसतं ‘आय७’ लिहिलंय? ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

चवथीच्या तोंडावर गोव्यात, साखळी गावातल्या एका घरात नवा डेस्कटॉप आला. मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला, काम मुख्यतः ऑटोकॅडचं, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचं. व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन पाच ओळींचं: आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस. एकूण ३२ हजार. वडिलांनी शंका काढली तर उत्तर आलं, “बाब, आय-सेव्हन म्हणजे टॉप. आनी कितें जाय?”

महिनाभरात मशीन रडायला लागलं. सीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवल्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसलं: आय७-२६००. हा प्रोसेसर २०११ चा, दुसऱ्या पिढीचा. म्हणजे कोटेशन खोटं नव्हतं, अर्धवट होतं. ‘आय७’ ही फक्त मालिका. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२४०० म्हणजे बारावी. २०२२ च्या आय३-१२१०० मध्येही २६०० सारखेच चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, पण त्याचा एकेक कोअर २६०० च्या साधारण दुप्पट वेगाने काम करतो. ऑटोकॅडचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे इथे आय३ ने आय७ ला सहज मागे टाकलं असतं.

मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम बसवायचा मुख्य बोर्ड, मात्र कोरा करकरीत, खोक्यासकट. लोक फसतात ते इथेच. जुन्या ११५५ सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खाचेचे) एच६१ बोर्ड नवे म्हणून आजही मिळतात आणि त्यांवर ऑफिसांतून निघालेले जुने प्रोसेसर बसवले जातात. अशा बोर्डावर रॅम डीडीआर३ लागते. पुढे बोर्ड बदलायचा म्हटलं तर ती कुठेच बसत नाही, कारण डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात. एच६१ बोर्डावरचे एसएसडी जोडायचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, त्यामुळे सेकंदाला ५५० एमबी वेगाची एसएसडी २८० च्या आसपास अडकते. विंडोज ११ टाकून दिलेलं होतं, पण ते चालणाऱ्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत, एखाददुसरा अपवाद सोडला तर, इंटेलची आठव्या पिढीपासूनचीच नावं आहेत. ते तपासणी चुकवून बसवलेलं होतं. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ग्राफिक्स कार्ड निघालं जीटी ७३०. ‘४ जीबी’ हा आकडा ऐकून भुलू नका; ती मेमरी किती ते सांगते, कार्ड किती ताकदीचं ते नाही. जीटी ७३० याच नावाखाली ९६ कोअरचं कार्डही विकलं गेलं आणि ३८४ कोअरचंही, डीडीआर३ मेमरीचं आणि जीडीडीआर५ मेमरीचंही. जीपीयू-झेड या कार्ड तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोअरची संख्या आणि मेमरीचा प्रकार दोन्ही बघा. याहून वाईट प्रकार म्हणजे जुन्या कार्डाचं बायोस (आतला मूळ प्रोग्रॅम) बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणवणं. अशी बरीच कार्डं जीपीयू-झेड ‘फेक’ असं लिहूनच दाखवतं. सॉफ्टवेअर नसलं तरी एक खूण आहे: १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीए सिग्नल निघतच नाही. कार्डाच्या मागे निळं व्हीजीए सॉकेट असेल तर ते कार्ड दुकानातच ठेवा.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ‘५००’ छापलेलं होतं. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड प्रामुख्याने याच १२ व्होल्टवर जगतात. उद्या १७० वॅटचं आरटीएक्स ३०६० कार्ड लावलं तर ९५ वॅटच्या या प्रोसेसरसकट हिशेब २६५ वर जातो. मग दुकानदार मोलेक्स या जुन्या चार पिनच्या जोडापासून कार्डाच्या ८ पिनची जोडकेबल देतो. ती घेऊ नका. ८ पिनच्या जोडावरून १५० वॅट जाऊ शकतात, आणि त्या भाराला मोलेक्सचा जोड तापून वितळू शकतो. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून कितीदा येते-जाते ते सांगायला नको. कमी पैशांत मशीन बसवायचंच असेल तर ग्राफिक्स कार्ड पुढे ढकला, एसएमपीएसमध्ये काटकसर नको.

नव्या भागांच्या कोटेशनमध्येही असेच गाळलेले शब्द असतात. ‘आय५-१२४००’ आणि ‘१२४००एफ’ यांत एका अक्षराचा फरक, पण एफवाल्यात ग्राफिक्स नसतं. मॉनिटर काळाच राहतो आणि वेगळं कार्ड गळ्यात पडतं. एएमडी कंपनीच्या रायझन ५६०० चंही तेच. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे. जुना एच६१० बोर्ड आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटमध्ये नीट बसतात, पण बायोस अपडेट केल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. ते अपडेट कोण करून देणार, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. प्रोसेसर ‘ट्रे’ (खोक्याशिवाय सुटा) की सीलबंद खोक्यातला, हेही विचारा, कारण इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी खोक्यातल्याला असते.

साखळीचं मशीन परत द्यायला गेल्यावर बिल काढलं. त्यावर एकच ओळ: ‘असेम्बल्ड पीसी, १ नग’. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांकही नाही; ‘पक्कं बिल नको, १८ टक्के वाचतील’ हे तेव्हा पटलं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करता येते. पण प्रोसेसर कुठला ठरला होता असं तिथे विचारलं, तर दाखवायला ‘आय७’ एवढंच होतं, आणि आय७ तर मिळालाच होता.