बनवर नेतो म्हणून पैसे घेतले, सर्व्हर मात्र नोडवरच

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानाची ही फसवणूक आहे. दुकानाचं आणि काम घेणाऱ्याचं नाव इथे देत नाही, पण पद्धत पूर्ण सांगतो. उद्यमनगरातल्या फौंड्रीचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर असो की राजारामपुरीतल्या क्लासचं फीचं अ‍ॅप, हीच पद्धत तिथेही जशीच्या तशी चालते.

दुकानाचं सॉफ्टवेअर साधं होतं. सौद्यातले रवे (गुळाच्या ढेपा), वजन आणि दर भरायचे, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढायची आणि तिची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपला पाठवायची. आत नोड १८ (जावास्क्रिप्टचा कोड सर्व्हरवर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे रनटाइम), एक्सप्रेस (त्यावरची वेबची चौकट) आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे रिक्वेस्ट आत पोचवणारा एनजिनएक्स, आणि हे सगळं भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर पीएम२ (प्रोग्राम सतत चालू ठेवणारं टूल) खाली चालायचं.

मालकांना सांगण्यात आलं की नोड आता बंद पडलं, सगळं बनवर, म्हणजे नोडच्या जागी वापरता येणाऱ्या दुसऱ्या रनटाइमवर, न्यावं लागेल. कोटेशन ६५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७६,७०० रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. फसवणूक या पहिल्याच वाक्यात होती. नोड बंद पडलेलं नाही. नोड १८ या आवृत्तीचा आधार ३० एप्रिल २०२५ ला संपला, एवढंच खरं आहे. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे नोडचीच पुढची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) आवृत्ती, २२ किंवा २४ घेणं. एक्सप्रेसच्या अशा अ‍ॅपला ते काम रनटाइम बदलण्यापेक्षा खूप लहान असतं. बन वाईट नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, ते नोडच्या व्ही८ ऐवजी जावास्क्रिप्टकोअर इंजिन वापरतं आणि बऱ्याच ठिकाणी खरोखर वेगवान आहे. पण नोडची मुदत संपली म्हणून बन घ्या, हे कारण कुणी दिलं तर तिथेच थांबून दुसऱ्या जाणकाराला विचारा.

मग डेमो झाला. एका खिडकीत 'एनपीएम इन्स्टॉल' (नोडसोबत येणारी, लायब्रऱ्यांची पॅकेजेस उतरवणारी आज्ञा) बराच वेळ चालतंय, दुसऱ्या खिडकीत 'बन इन्स्टॉल' डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतंय. बन एकदा उतरवलेली पॅकेजेस होम फोल्डरमधल्या स्वतःच्या कॅशमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच जोडतं. डेमोत बनची कॅश भरलेली होती आणि एनपीएमची मुद्दाम रिकामी केलेली. खरी तुलना हवी असेल तर 'बन पीएम कॅश आरएम' चालवून दोघांनाही रिकाम्या कॅशवर पळवा. बन तरीही पुढे राहील, पण आकडा वेगळा दिसेल. शिवाय इन्स्टॉलच्या वेगाचा पट्टी निघण्याच्या वेगाशी काही संबंध नाही. दुसरा डेमो सेकंदाला किती रिक्वेस्ट झेलल्या याचा होता, तोही दोन शब्द परत पाठवणाऱ्या रिकाम्या रूटवर (रूट म्हणजे एका कामाचा वेब पत्ता). पट्टीच्या रूटचा बहुतेक वेळ मायएसक्यूएलची क्वेरी आणि पीडीएफ बनवण्यात जातो. तिथे रनटाइम बदलून फार काही वाचत नाही. तुमचा सगळ्यात संथ रूट, तोच सर्व्हर आणि तोच डेटाबेस घेऊन आधीचा आणि नंतरचा आकडा मागा.

आता मुख्य हातचलाखी. काम 'पूर्ण' झाल्यावर पीएम२ च्या यादीत बन दिसत होतं आणि अ‍ॅपच्या तळाशी 'रनटाइम: बन' अशी ओळ आली होती. पॅकेज डॉट जेसनमध्ये (सुरू करण्याच्या आज्ञा आणि लायब्रऱ्यांची यादी असलेली फाइल) 'स्टार्ट' समोर 'बन रन सर्व्ह' लिहिलेलं. त्याच फाइलमध्ये चार ओळी खाली 'सर्व्ह' समोर 'नोड डिस्ट/सर्व्हर.जेएस'. म्हणजे बन फक्त स्क्रिप्ट सुरू करून देत होतं आणि अ‍ॅप नोड १८ वरच धावत होतं. तळाची ओळ एचटीएमएलमध्ये हाताने टाइप केलेली होती. उलट दोन-दोन प्रोसेस उभ्या राहिल्याने मेमरी आधीपेक्षा जास्त खर्च होऊ लागली.

हेच आणखी एका आडवाटेनेही होतं. एखाद्या टूलच्या फाइलच्या पहिल्या ओळीत नोडचं नाव असेल, तर 'बन रन' त्या ओळीचा मान ठेवून ते नोडकडेच सोपवतं. नेक्स्ट किंवा व्हीटसारखी टूल्स अशीच असतात. ती बनवर चालवायची तर '--बन' हा फ्लॅग द्यावा लागतो. इथे चूक आणि लबाडी बाहेरून सारखीच दिसते, म्हणून पॅकेज डॉट जेसन हा पुरावा मानूच नका.

पुरावा चालू प्रोसेसकडे मागायचा. सर्व्हरवर स्वतःच्या लॉगिनने जा आणि 'सुडो एसएस -एलटीएनपी' चालवा. अ‍ॅपचा पोर्ट, समजा ३०००, कुणी धरलाय ते तिथे नावासकट आणि पीआयडीसकट (प्रोसेसच्या क्रमांकासकट) येतं. नाव बदलून दाखवता येतं, त्यामुळे तेवढ्यावर थांबू नका. प्रोक डिरेक्टरीत त्या पीआयडीच्या फोल्डरमध्ये 'एक्झी' नावाची लिंक असते. ती रीडलिंकने वाचली की खरी एक्झिक्युटेबल फाइल कुठली ते कळतं. त्या दुकानात तिथे नोडचा पाथ आला आणि विषय मिटला. कोडमधून तपासायचं असेल तर 'प्रोसेस.व्हर्जन्स.बन' बघा, नोडमध्ये ते अनडिफाइन्ड (म्हणजे रिकामं) येतं. नुसतं 'प्रोसेस.व्हर्जन' बघू नका, कारण सुसंगततेसाठी बनसुद्धा तिथे नोडचाच आवृत्ती क्रमांक देतं.

टेस्टचा रिपोर्टही दिला होता, शून्य फेल. 'बन टेस्ट' शेवटी किती टेस्ट वगळल्या आणि किती 'एक्स्पेक्ट' तपासण्या झाल्या तेही छापतं, पण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नेमक्या त्याच ओळी कापलेल्या होत्या. हमाली-तोलाईच्या हिशेबाच्या टेस्टना 'स्किप' लावलेलं होतं. रिपोर्ट मजकुरासकट पूर्ण मागा, आणि टेस्ट फोल्डरमध्ये काय बदललं ते गिट डिफमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदीत) बघा. टाइपस्क्रिप्ट (टाइप्स लिहून ठेवलेली जावास्क्रिप्ट) असेल तर एवढं लक्षात ठेवा की बन टाइप्स काढून टाकून कोड चालवतं, टाइप तपासत नाही. त्यासाठी 'टीएससी --नोएमिट' वेगळं चालवावंच लागतं.

खरं नुकसान यानंतर झालं. बिंग फुटल्यावर त्या माणसाने ऐन हंगामात, सौदे चालू असताना, लाइव्ह सर्व्हरवर घाईने खरंच बन लावलं. सर्व्हरवर 'डॉट ईएनव्ही डॉट लोकल' ही सेटिंग्जची फाइल पडून होती आणि तिच्यात चाचणीच्या डेटाबेसचा पत्ता होता. जुनं अ‍ॅप डॉटईएनव्ही पॅकेजने फक्त 'डॉट ईएनव्ही' वाचायचं. बन स्वतःहून दोन्ही वाचतं आणि लोकलला वरचा मान देतं. डॉटईएनव्ही पॅकेज आधीपासून असलेली किंमत बदलत नाही, त्यामुळे चाचणीचाच पत्ता कायम राहिला. पट्ट्या निघत राहिल्या, पीडीएफ जात राहिल्या, नोंदी मात्र चाचणीच्या डेटाबेसमध्ये साठल्या. त्या खऱ्या डेटाबेसमध्ये परत आणताना दोन्हीकडे तेच पट्टी क्रमांक निघाल्याने नोंदी थेट ओतता येईनात. प्रत्येक पट्टी शेतकऱ्याच्या पीडीएफशी ताडून पाहावी लागली. बन लावण्याआधी सर्व्हरवर 'डॉट ईएनव्ही' ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइल्स मोजा, आणि डेटाबेसचा पत्ता पीएम२ किंवा सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कॉन्फिगमधून द्या. तो फाइलींपेक्षा वरचढ ठरतो.

त्याच घाईत आणखी दोन गोष्टी मोडल्या. 'बन इन्स्टॉल' पहिल्यांदा चालताना पॅकेज-लॉक (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी) फाइल असेल तर तिच्यातल्या आवृत्त्या उचलून स्वतःची लॉक फाइल बनवतं. इथे ती आधीच डिलीट केली होती, त्यामुळे कॅरटच्या (आवृत्तीपुढच्या ^ चिन्हाच्या) हद्दीत बसणारी प्रत्येक लायब्ररी एकदम नव्या आवृत्तीवर गेली. दुसरं, डिपेंडन्सीजच्या, म्हणजे वापरलेल्या लायब्रऱ्यांच्या, पोस्टइन्स्टॉल (उतरवल्यानंतर चालणाऱ्या) स्क्रिप्ट बन सरसकट चालवत नाही. ओळखीच्या पॅकेजेसची ठरलेली यादी सोडली तर 'ट्रस्टेडडिपेंडन्सीज' मध्ये नाव लिहावं लागतं. काय अडवलंय ते 'बन पीएम अनट्रस्टेड' ने दिसतं. व्ही८ च्या सी++ एपीआयवर थेट बांधलेली नेटिव्ह मॉड्यूल्स (सी++ मध्ये लिहिलेले लायब्ररीचे भाग) तर सगळ्यात आधी तपासावीत, तिथेच गाडी अडते.

प्रामाणिक काम या क्रमाने होतं: आधी नोडची चालू एलटीएस, मग बन फक्त पॅकेज मॅनेजर म्हणून, मग सगळ्या टेस्ट दोन्ही रनटाइमवर, मग बनवरचं अ‍ॅप ३००१ पोर्टवर उभं करून एनजिनएक्सच्या वेटने (वाहतूक वाटण्याच्या प्रमाणाने) थोडीच वाहतूक तिकडे. लॉगिन सेशन मेमरीत ठेवली असतील तर ती आधी डेटाबेसमध्ये हलवा, नाहीतर माणसं मधूनच लॉगआउट होतील. पीएम२ चा क्लस्टर मोड (एकाच पोर्टवर अनेक प्रोसेस) नोडच्या क्लस्टरवर उभा आहे, बनसाठी फोर्क मोड घ्यावा लागतो हेही आधीच धरा. हे सगळं दिवाळीच्या आधी तरी करा, नाहीतर हंगाम उरकल्यावर.

करारात 'स्थलांतर पूर्ण' म्हणजे काय ते एका वाक्यात लिहून घ्या: अ‍ॅपचा पोर्ट धरणाऱ्या प्रोसेसची एक्झी लिंक बनकडे जाते, आणि वगळलेल्या टेस्टची संख्या आधीइतकीच आहे. निदान तिसरा हिस्सा पैसे या तपासणीनंतरच द्या. सर्व्हर, डोमेन आणि गिटचं खातं दुकानाच्या ईमेलवर असू द्या. काम संपलं की ऑथोराइज्ड कीज फाइलमधून (लॉगिनच्या परवानगीच्या यादीतून) काम घेणाऱ्याची की काढा आणि डेटाबेसचा पासवर्ड बदला.

फसलंच असेल तर १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आणि परवानगीशिवाय सर्व्हरमध्ये शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ आणि ६६. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. तक्रारीला जाण्याआधी मात्र काहीही रीस्टार्ट करू नका. चालू प्रोसेस गेली की एक्झी लिंकही जाते. 'एसएस' आणि 'पीएस' चं आउटपुट, रीडलिंकचं उत्तर, पीएम२ चे लॉग, गिटचा रीफ्लॉग (कोडच्या हालचालींची नोंद) आणि शेलची हिस्टरी (दिलेल्या आज्ञांची यादी) तारखेसकट दुसऱ्या मशीनवर उतरवा, आणि मगच सर्व्हरला हात लावा.