कार्लाईलमधलं कटिंगचं दुकान, आणि तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह काका

पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या आसपास मेकॅनिक्सबर्ग, कॅम्प हिल, कार्लाईल ह्या पट्ट्यात आपली जी काही मंडळी राहतात त्यांच्यात दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की कटिंग कुठे करता, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी गेली सहा वर्षं कार्लाईलच्या जुन्या चौकाजवळच्या एका दुकानात जातोय. दुकानाचं नाव देत नाही कारण मालकांना स्वतःबद्दल काही नेटवर आलेलं आवडत नाही, पण चौकात ते जुनं कोर्ट आहे ना, अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३च्या जुलैत, दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) तोफांनी ज्याच्या खांबाचे टवके उडवले आणि ते अजून तसेच दिसतात, तिथून पाच मिनिटं चालत गेलं की लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा फिरता खांब दिसेल, तेच.

आधी कटिंगबद्दल. ह्याच्या आधी मी मॉलमधल्या एका चेनमध्ये जायचो, तिथे दर वेळी वेगळं माणूस, दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगा, आणि बारा मिनिटांत मशीन फिरवून मोकळे. इथे काकांनी (घरी आम्ही त्यांना कटिंगवाले काकाच म्हणतो, पंच्याहत्तरी गाठलीय त्यांनी) पहिल्याच दिवशी डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, तुला मागे डाव्या बाजूला दुसरा भोवरा आहे, तिथे मशीन लावलं की केस उभे राहणार, तिथे फक्त कात्री. एवढी वर्षं केस कापतोय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाजूने दोन नंबरची गार्ड, वर कात्री, कल्ले समोरून आरशात बघून दोनदा जुळवतात, आणि शेवटी मानेवर गरम फेस लावून वस्तरा. तो गरम फेस मानेला लागला की आठवडाभराचा शीण उतरतो, खरंच. मग पावडर, ब्रश, आणि मागे आरसा धरून विचारणार, ठीक आहे का. ठीक आहे म्हटल्याशिवाय अंगावरचं कापड काढत नाहीत.

वीस डॉलर, फक्त कॅश. सैन्यातल्या आणि निवृत्त सैनिकांना पंधरा. अपॉइंटमेंट नाही, जाऊन बसायचं. शनिवारी तासभर थांबावं लागतं आणि त्या तासाभराबद्दलच मला मुख्य लिहायचंय.

कार्लाईलमध्ये अमेरिकन लष्कराचं वॉर कॉलेज आहे, १९५१ पासून, त्यामुळे बाकावर तुमच्या एका बाजूला कर्नल बसलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला एटी-वन हायवेवरचा ट्रकवाला. भिंतीवर हरणाचं मोठं शिंगाळं डोकं, युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा काळा झेंडा, आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला लाल कीस्टोनचा बिल्ला (म्हणजे पेनसिल्व्हेनिया नॅशनल गार्डची, राज्याच्या राखीव सैन्याची, अठ्ठाविसावी डिव्हिजन). रेडिओ हळू आवाजात चालू, त्यावर उजव्या बाजूची चर्चा. पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा मी जरा आखडलो होतो, खोटं कशाला बोलू. मी ब्राऊन माणूस, एच-वन-बीवाला (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा), २०१९ साल, टीव्हीवर काय काय चाललेलं. वाटलं कटिंग करून गप निघावं.

पण काका बोलतात. आणि मतं कशी तर पक्की कॉन्झर्व्हेटिव्ह, आडपडदा नाही. १९८० पासून रिपब्लिकनच मत, सरकार जितकं लहान तितकं बरं, चर्च, स्वतःच्या कष्टाचं खावं, कॉलेजच्या पोरांनी कर्ज काढलंय तर त्यांनीच फेडावं. इलेक्टोरल कॉलेजवर (राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांनी नाही, तर राज्याराज्यांच्या मतांनी निवडायची पद्धत) तर त्यांचं लेक्चर मी पाठ करून टाकलंय: पेनसिल्व्हेनियात २०१६ ला ट्रम्प साधारण ४४ हजारांनी जिंकले, २०२० ला बायडेन ८० हजारांनी, २०२४ ला परत ट्रम्प एक लाख वीस हजारांनी, म्हणून सगळे उमेदवार इथे येतात, ही पद्धत काढली तर कार्लाईलला कोण कुत्रं विचारणार. मला हे पटत नाही, कारण मग कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकनला आणि टेक्सासमधल्या डेमोक्रॅटला तरी आज कोण विचारतंय. हे मी बोललो तर म्हणाले मुद्दा आहे, पण बदलू नये.

लढाईवर मात्र ऐकावं तर त्यांचंच. मी धरून चाललो होतो की कॉन्झर्व्हेटिव्ह, सैनिक, म्हणजे हा माणूस कुठेही बॉम्ब टाका म्हणणारा असेल. साफ चुकलो. काकांचा जन्म १९५०चा. १ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये लॉटरी काढली होती, काचेच्या बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कॅप्सूल, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख, जी तारीख आधी निघेल त्या तारखेला जन्मलेले पोरगे आधी व्हिएतनामला. टीव्हीवर लाइव्ह. पहिली निघाली १४ सप्टेंबर. काका आईवडिलांबरोबर स्वयंपाकघरात बसून बघत होते आणि त्यांचा नंबर दोन आकडी निघाला. हे सांगताना त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, आई उठली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी परत घासत होती.

तर त्यांचं म्हणणं असं की राज्यघटनेत युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला दिलाय, राष्ट्राध्यक्षाला नाही, आणि काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं ते १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, एकही जाहीर नाही. १९७३ ला निक्सनचा व्हेटो धुडकावून कायदा केला की परवानगीशिवाय साठ दिवसांच्या वर सैन्य लढाईत ठेवता येणार नाही, तोही दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी वाकवला. काका म्हणतात की खासदार लोक 'परवानगीचा ठराव' करतात म्हणजे जिंकलं तर आम्ही होतोच, हरलं तर आम्ही कुठे युद्ध म्हटलं होतं. ज्याला घटना जपायचीय त्याने आधी हे जपावं, कॉन्झर्व्हेटिव्ह शब्दाचा अर्थच तो, असं ते अगदी तळमळीने सांगतात आणि वॉर कॉलेजचे कर्नल बाकावर बसलेले असले तरी सांगतात. मी एकदा बघितलं, एक कर्नल काहीच बोलला नाही, नुसती मान हलवली.

२००३ ला इराकला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता, हे ते लपवत नाहीत. मग त्यांचा भाचा गार्डमधून २००५-०६ ला इराकमधल्या रमादीला गेला. आरशातला बिल्ला त्याचाच. जिवंत आला पण तो आता काकांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहतो आणि ४ जुलैला फटाके सुरू झाले की काका त्याला गाडीत घालून लांब डोंगरात घेऊन जातात. ज्यांच्यासाठी युद्ध केलं ती महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत, साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकन पोरं गेली, आणि मी हो म्हटलं होतं, असं ते म्हणतात. स्वतःचं चुकलं हे असं चारचौघांत, दुकानात, गिऱ्हाइकासमोर म्हणणारी माणसं मी फार कमी बघितलीत, कुठल्याही पक्षाची.

आणि उपाय काय तर ऐकून मी चमकलोच. म्हणतात सक्तीची भरती परत आणा. १९७३ ला ड्राफ्ट बंद झाला तेव्हापासून लढायला जातात ते त्याच त्या गावांमधले, त्याच त्या घरांमधले. खासदाराच्या पोराची तारीख बरणीत असेल तर खासदार दहादा विचार करेल. ज्याची स्वतःची तारीख निघाली होती तो माणूस हे म्हणतोय. मला पटतं का? अर्धं. मला मुलगा आहे, आठ वर्षांचा, इथेच जन्मलेला, म्हणजे ती बरणी परत आली तर त्याची तारीख त्यात असणार.

युक्रेनवर त्यांचं मत मला तुटक वाटतं. १५५ मिलिमीटरचे तोफगोळे इथून दोन तासांवर स्क्रँटनच्या कारखान्यात बनतात, २०२४ च्या सप्टेंबरात झेलेन्स्की स्वतः तिथे येऊन गेले, कामगारांना काम मिळतंय ते चांगलंच म्हणतात, पण पहिला खर्च युरोपने करावा. २०१४ ला नाटोच्या (अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीच्या) देशांनी जीडीपीच्या दोन टक्के संरक्षणावर खर्च करू म्हणून कबूल केलं आणि वर्षानुवर्षं निम्म्याहून जास्त देशांनी केला नाही, हा त्यांचा राग. तो राग मला समजतो. पण ज्याच्या घरात रणगाडे घुसलेत त्याला हिशेब आधी दाखवा म्हणणं मला जमत नाही आणि मी ते त्यांना सांगितलंय.

बंदुकांवर आमचं कधीच जमणार नाही. मुलाच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल (बंदूकवाला शाळेत घुसला तर काय करायचं त्याचा सराव) झालं त्या आठवड्यात मी गेलो होतो. मुलाने घरी येऊन सांगितलं होतं की बाईंनी दिवे बंद केले आणि आम्ही सगळे कपाटापाशी खाली बसलो, आणि मी श्वास एकदम हळू घेतला. मी हे खुर्चीत बसून सांगितलं आणि माझा आवाज चढला. काकांनी मशीन बंद केलं. म्हणाले माझ्या रायफली स्टीलच्या कपाटात कुलपात असतात आणि गोळ्या वेगळ्या कुलपात, ज्याच्या तशा नसतात तो बाप नालायक. मी म्हटलं मग तसा कायदा करा. तर म्हणाले सरकारने माझ्या घरात येऊन कपाट तपासायचं नाही. तिथेच थांबलो आम्ही. उरलेली कटिंग गप्प झाली. पुढच्या खेपेला मी जावं की नाही असं दोन आठवडे चाललं होतं माझं, आणि गेलो, तर त्यांनी पहिलं विचारलं ते हेच की पोरगा बरा आहे ना, झोपतो ना.

ग्रीन कार्डचं मात्र लिहायलाच हवं कारण आपल्या सगळ्यांचा विषय आहे. इमिग्रेशनवर त्यांचं म्हणणं सरळ, रांगेत उभे राहा आणि कायद्याने या. मी म्हटलं काका, मी रांगेतच आहे, माझी रांगेतली तारीख (अर्ज नोंदला गेला ती) २०१५ची आहे. त्यांना वाटलं मी काहीतरी फॉर्म चुकवला असेल. मग मी सांगितलं की नोकरीवाली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, बायकापोरं धरून, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्के, भारत असो की आइसलँड. ते थांबले, बोटांवर गणित केलं, मग गल्ल्याजवळच्या वहीत आकडे लिहून घेतले. दोन महिन्यांनी गेलो तर म्हणाले मी आपल्या खासदाराच्या ऑफिसला फोन केला होता आणि तिथल्या पोरीला ही सात टक्क्यांची गोष्ट सांगितली, तिलाही माहीत नव्हती. आता काय होणार आहे त्या फोनाने, मला ठाऊक आहे. पण सहा वर्षांत माझ्यासाठी फोन उचलणारा इथला हा पहिला माणूस, आणि तो आपल्या मताविरुद्ध काही करतोय असं त्याला वाटत नव्हतं, रांग पुढे सरकलीच पाहिजे हे त्याच्या मतातच बसतं.

बायको म्हणते तुम्हाला कटिंगला दीड तास का लागतो. तिला काकांचं बायकांनी लढाईत जाऊ नये वगैरे ऐकवत नाही, आणि ती बरोबर आहे, २०१६ पासून सैन्यातल्या सगळ्या जागा बायकांना खुल्या झाल्यात आणि त्या तिथे काम करतायत, विषय संपला. काका ह्यावर हलत नाहीत. त्याचा एक स्टार मी कापला असता, पण रिव्ह्यू कटिंगचा आहे.

एकदा त्यांनी विचारलं तुझ्या घरात कोणी सैन्यात होतं का. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्याकडे कोण नव्हतं हा प्रश्न सोपा. म्हटलं आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. काकांचे हात थांबले. त्यांचे वडीलही १९४४ ला इटलीत, अमेरिकन पाचव्या आर्मीत. मग मी यशवंत घाडगे आणि नामदेव जाधवांबद्दल सांगितलं, दोघांना इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस, घाडगे तिथेच गेले, जाधवांनी सेनिओ नदीतून जखमी साथीदारांना आणलं. सेनिओ हे नाव त्यांना माहीत नव्हतं, लिहून घेतलं त्याच वहीत. पुढच्या शनिवारी वडिलांचा फोटो घेऊन आले होते, चिखलात उभे, मागे गाढवावर दारूगोळा. माझे आजोबाही गाढवांचं सांगायचे, डोंगरात ट्रक चढायचे नाहीत म्हणून. माझ्याकडे आजोबांचा फोटो नाही, बेळगावचा एक ग्रुप फोटो आहे आणि त्यात ते कुठले हे आता घरात कोणाला सांगता येत नाही.

बाकी माहिती: मंगळवार ते शनिवार, सकाळी सात ते दुपारी तीन. रविवार-सोमवार बंद. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे मीटर आहे. लहान मुलांसाठी खुर्चीवर फळी टाकतात आणि मुलगा हलला तरी चिडत नाहीत, दाढीही करून देतात पण आधी विचारा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात अजिबात जाऊ नका, हरणांचा सीझन सुरू होतो, पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि इथल्या कितीतरी शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची, २०१९ पासून शनिवारी सुरू होतो, आणि काका तेवढे दिवस जंगलात असतात. दारावर नुसता नारिंगी कागद चिकटवलेला असतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलाने फळीवर बसून त्यांना विचारलं की मी येऊ का जंगलात. ते म्हणाले बंदूक नाही, नारिंगी जॅकेट घालून माझ्या शेजारी गप्प बसायचं आणि बघायचं, आणि आधी बाबांना विचार. मी अजून हो म्हटलेलं नाही.