सोया चंक्स: मांस का सोडलंय त्यावर ठरतं हे पाकीट घ्यायचं की नाही

सुक्या सोया चंक्सना सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. मांस कशासाठी सोडलं, किंवा सोडायचा प्रयत्न कशामुळे फसला, त्यावर याच पाकिटाचे गुण बदलतात. प्राण्यांसाठी सोडलं असेल तर पाचपैकी पाच. तब्येतीसाठी असेल तर साडेतीन, तेही एका गोळीची जोड दिली तर. मांसाच्या नुसत्या स्पर्शाचीच किळस येत असेल तर एकसुद्धा नाही. त्या माणसाने हे विकतच घेऊ नये.

आधी वस्तू समजून घेऊ. सोयाबीनमधलं तेल काढून घेतलं की जवळजवळ स्निग्धांश नसलेलं पीठ उरतं. त्यात पाणी घालून ते एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात उष्णता आणि दाबाखाली ढकलतात. यंत्राच्या तोंडातून बाहेर पडताना दाब झपकन उतरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ जाळीदार, धाग्याधाग्यांचं होऊन फुगतं. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड या कंपनीने 1960 च्या दशकात हे तंत्र बाजारात आणलं. म्हणजे हा मांसाचा आधुनिक पर्याय वगैरे काही नाही, तेलगिरणीच्या उपउत्पादनाचा जुना आणि हुशार उपयोग आहे.

पाकीट उलटून घटक वाचा. चांगल्या पाकिटात एकच ओळ असते: तेल काढलेलं सोया पीठ. प्रथिनं सुक्या 100 ग्रॅमला 50 ग्रॅमच्या आसपास हवीत. ‘सोया कॉन्सन्ट्रेट’ लिहिलं असेल तर तो आकडा 65 ते 70 पर्यंत जातो आणि पोटाला तो प्रकार हलका पडतो, त्याचं कारण पुढे येईल. मसाल्याच्या पुडीसकट मिळणाऱ्या पाकिटांत मीठ बेसुमार असतं, कधी दुधाची भुकटीही निघते. साधंच घ्या.

पाकिटावरच्या 50 ग्रॅमच्या आकड्यावर मात्र भाळू नका. तो सुक्या वजनाचा आहे. चंक्स आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितात, त्यामुळे ताटातल्या 100 ग्रॅम ओल्या चंक्समध्ये प्रथिनं 12 ते 17 ग्रॅमच उरतात. ‘कोंबडीच्या दुप्पट प्रथिनं’ ही जाहिरात सुक्याची तुलना ओल्याशी करून केलेली असते. एका माणसाला एका जेवणात 30 ग्रॅम सुके चंक्स धरा, त्यातून साधारण 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रथिनांचा दर्जा मात्र खरोखरच चांगला आहे. लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात पुरेशी असतात, आणि गव्हात कमी पडणारं लायसिनही भरपूर असतं.

आता शिजवण्याकडे वळू, कारण ‘आम्ही शाकाहार करून पाहिला, जमलं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं. चंक्स थेट उकळत्या रश्श्यात टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. सोयाबीनच्या हिरवट, कच्च्या वासाला कारण असलेली संयुगं मग रश्श्यातच उतरतात, चंक्स रस्सा पिऊन घेतात आणि भांड्यात घट्ट, उग्र वासाचा लगदा राहतो.

100 ग्रॅम चंक्सना एक लिटर उकळतं पाणी आणि एक चमचा मीठ लागतं. गॅस बंद करून झाकण ठेवा. मोठे चंक्स असतील तर 15 मिनिटं, छोटे असतील तर 8 ते 10. एक चंक मधोमध कापून बघा. आत पांढरट, कडक गाठ दिसली तर अजून पाच मिनिटं ठेवा. रबरासारखं लागण्याची तक्रार बहुतेक वेळा या गाठीमुळे असते, जास्त शिजल्यामुळे नाही. मग पाणी ओतून द्या, गार पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि प्रत्येक वेळी तळहातांमध्ये दाबून पिळा. हे पाणी ‘पौष्टिक’ म्हणून रश्श्यात वापरण्याचा मोह टाळा. सोयातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं. त्या मोठ्या आतड्यात पोचल्या की तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि वायू तयार होतो. या शर्करा पाण्यात विरघळतात, म्हणून पाणी फेकलं की त्यांचा बराचसा भाग जातो. कॉन्सन्ट्रेटमध्ये हेच धुण्याचं काम कारखान्यातच झालेलं असतं. पोट फुगतं म्हणून शाकाहार सोडलेल्यांनी पुन्हा करून पाहताना आधी एवढी एक पायरी नीट करावी. ज्यांचं आतडं मुळातच अशा शर्करांना चिडतं, त्यांना हा उपायही अपुरा पडेल. त्यांनी टोफूकडे, म्हणजे सोयाच्या दुधाच्या पनीराकडे जावं, कारण टोफू करतानाच या शर्करा बऱ्याच प्रमाणात पाण्याबरोबर निघून जातात.

पिळण्याचा अंदाज हाताने येत नसेल तर वजनकाटा वापरा. सुक्या 100 ग्रॅमचे पिळून सव्वादोनशे ते अडीचशे ग्रॅम भरले की पुरे. तीनशेच्या वर असतील तर आत पाणीच भरलेलं आहे, मसाल्याला जागा नाही.

पिळलेला चंक म्हणजे कोरडा स्पंज, त्याला लगेच काहीतरी चांगलं पाजा. 100 ग्रॅमच्या घाण्याला दीडशे मिलिलिटर गरम आणि खारट भाज्यांचा स्टॉक, दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा आंबट काहीतरी आणि दोन मोठे चमचे तेल घालून अर्धा तास मुरू द्या. तेलात काटकसर करू नका. या वस्तूत स्निग्धांश जेमतेम एक टक्का असतो, आणि मसाल्यातले बरेच वास पाण्यात नाही, तेलातच विरघळतात. तेल कमी पडलं की चंक तोंडात चोथ्यासारखा फिरतो आणि दोष मसाल्याला दिला जातो. मांसाची ओढ ज्याला म्हणतात, ती बऱ्याचदा ग्लुटामेटच्या, म्हणजे ‘उमामी’ म्हणतात त्या चवीची असते. सोया सॉस, आटवलेला टोमॅटो आणि सुकवलेली अळंबी ती चव देतात. अळंबीतल्या ग्वानिलेटमुळे ग्लुटामेटची चव कित्येक पटींनी उठते, म्हणून दोन-तीन सुक्या अळंब्यांची पूड पुरते.

मुरलेले चंक्स पुन्हा हलके पिळा, उरलेला अर्क बाजूला ठेवा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर एकच थर पसरून सहा ते आठ मिनिटं परता. गर्दी केलीत तर वाफ कोंडते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंगाची रासायनिक क्रिया नीट सुरू व्हायला 140 अंश तरी लागतात. कडा तपकिरी झाल्या की बाजूला ठेवलेला अर्क घाला. रश्श्यात टाकायचे असतील तर शेवटच्या दहा मिनिटांत टाका.

तब्येतीसाठी मांस सोडणाऱ्यांची संख्या 2015 नंतर वाढली असेल तर नवल नाही. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की होऊ शकतो असा पुरावा असलेल्या गटात टाकलं, आणि लाल मांस त्याखालच्या ‘संभाव्य’ गटात. या कारणासाठी चंक्स उपयोगी आहेत. कोलेस्टेरॉल नाही, संपृक्त चरबी नगण्य आणि तंतू भरपूर. मग दीड गुण कापला कशासाठी? बी-12 साठी. चंक्समध्ये ते शून्य असतं. प्रौढाची रोजची गरज 2.4 मायक्रोग्रॅम आहे, आणि दूध-अंडीही बंद असतील तर ती आहारातून भागत नाही. शरीरात साठा असल्याने कमतरता दिसायला काही वर्षंही लागू शकतात, त्यामुळे ‘मला तर काही झालं नाही’ हे पहिल्या वर्षाचं प्रशस्तिपत्र बिनकामाचं. डाळी-भाज्यांतून फोलेट भरपूर मिळत असेल तर रक्तक्षय झाकलाही जातो, आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅमची गोळी असा सल्ला सहसा देतात. आठवड्याचा डोस इतका मोठा दिसतो, कारण एका वेळी आतडं जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच व्यवस्थित शोषतं. त्यापुढचं टक्काभरच आत जातं.

लोहाचीही गोष्ट थोडी अशीच. 50 ग्रॅम सुक्या चंक्समध्ये चार-पाच मिलिग्रॅम लोह असतं, पण फायटेट या सोयातल्याच, लोह धरून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्वाचं काहीतरी घ्या आणि चहा-कॉफी तासभर पुढे ढकला. ‘सोयामुळे पुरुषांचे हार्मोन बिघडतात’ ही भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. 2010 आणि 2021 सालच्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणांत टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण तिचं शोषण अडतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं आणि पोटॅशियम दोन्हींमुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. सोयाची ॲलर्जी असलेल्यांसाठी तर विषयच संपला.

पर्यावरण हे कारण असेल तर आकडे चंक्सच्या बाजूने आहेत. 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या 100 ग्रॅम प्रथिनांमागे सरासरी 50 किलोच्या आसपास हरितगृह वायू पडतात, टोफूच्या तेवढ्याच प्रथिनांमागे दोन किलोच्या आसपास. सोयासाठी जंगलं तुटतात हा आक्षेप खोटा नाही, पण जगातलं सुमारे तीन-चतुर्थांश सोयाबीन जनावरांच्या खाद्यात जातं. शिवाय सुक्या पाकिटाला शीतपेटी लागत नाही.

प्राण्यांसाठी मांस सोडलेल्यांना साधे चंक्स निर्धोक आहेत. घोळ होतो तो महागड्या तयार पर्यायांत. क्वॉर्नसारखं बुरशीपासून केलेलं मायकोप्रोटीन पोताला छान असतं, पण त्याच्या अनेक पदार्थांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा भाग असतो. ‘शाकाहारी’ आणि ‘व्हीगन’ हे दोन शब्द पाकिटावर वेगळे वाचावे लागतात ते यासाठीच. इम्पॉसिबल या वनस्पतीजन्य बर्गरमधलं, यीस्टकडून बनवून घेतलेलं हीम (मांसाला लाल रंग देणारा लोहयुक्त घटक) रंगाला आणि चवीला कमाल आहे, पण ते सुरक्षित असल्याचं दाखवण्यासाठी कंपनीने उंदरांवर चाचणी केली होती. काहींना हे चालतं, काहींना नाही. अशा बर्गरमध्ये बहुधा खोबरेल तेल आणि बऱ्यापैकी मीठ असतं, त्यामुळे तब्येतीच्या कारणाने ते घेणं थोडं गमतीचंच आहे.

किळसेचं कारण मात्र सगळ्यात दुर्लक्षित. काही जणांना मांसाचे धागे दाताखाली आलेलेच नको असतात. चंक्स नेमके त्या धाग्यांसाठी बनवलेले आहेत. अशा माणसाला कौतुकाने चंक्स वाढणं म्हणजे ज्यापासून तो पळाला तेच ताटात ठेवणं. त्यांच्यासाठी घट्ट टोफू बरा. त्यातही कॅल्शियम सल्फेटने साकळवलेला घेतला तर कॅल्शियमही मिळतं. टेंपे हा बुरशीने आंबवलेला सोयाबीनचा ठोकळा, त्यात धागे नाहीत, दाणे आहेत. त्यावरचे काळे-करडे ठिपके म्हणजे बुरशीचे बीजाणू, ते चालतात. गुलाबी डाग, चिकटपणा किंवा अमोनियाचा झणका असेल तर फेकून द्या. सैतान, म्हणजे गव्हाचं ग्लुटेन, हा चंक्सपेक्षाही मांसासारखा लागतो, म्हणून या मंडळींना तो मुळीच नको. सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आतड्याचा आजार असलेल्यांना तर कुणालाच नको.

राहता राहिले मांस पूर्ण सोडायचं नाही असं विचारपूर्वक ठरवलेले लोक. त्यांनी मोठे चंक्स न घेता बारीक दाणे घ्यावेत. 50 ग्रॅम दाणे भिजवून, पिळून 250 ग्रॅम खिम्यात मिसळले तर फरक सहज कळत नाही. दाणे खिम्याची चरबी आणि रस शोषून घेतात, त्यामुळे वेगळं तेल लागत नाही. मीठ मात्र थोडं वाढवावं लागतं. निम्म्याहून जास्त दाणे घातले की खिमा भुसभुशीत होतो, गोळे बांधले तर फुटतात.

फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवा आणि पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागला की वापरू नका. भिजवून पिळलेले चंक्स फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतात. फ्रीजरमध्ये ठेवले तर बर्फाच्या स्फटिकांमुळे त्यांची जाळी आणखी उघडते. वितळवून पुन्हा पिळले की पुढच्या खेपेला ते मसाला जास्त पितात, त्यामुळे अर्कातलं मीठ आणि सोया सॉस तेव्हा थोडं कमी घ्या.